मिलब्रुकच्या मैदानावरचं खग्रास ग्रहण

मार्चच्या सभेत वॉल्ट हेबरकॉर्न जवळजवळ माझ्या अंगावरच धावून आला. "त्या अपार्टमेंटमधली पोरं आमच्या शाळेत आणा, म्हणजे आमच्या घरांचे भाव पार बसतील! वर कर भरायचा आम्हीच ना, लोरेन?"

मी शाळा मंडळाची सदस्य. शाळांच्या हद्दी बदलून सगळ्या वस्त्यांतली मुलं बसनं एकाच शाळेत आणायचा ठराव आमच्यापुढे होता. ओहायोतल्या आमच्या मिलब्रुकला तळ्याकाठी डॉक्टर आणि बँकवाले राहतात. मधल्या गल्ल्यांत वॉल्टसारखे, मोटारींच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. हायवेलगतच्या अपार्टमेंटमध्ये गोदामांत पाळ्या करणारे नेपाळी, सोमाली, मेक्सिकन. घरच्या गरिबीमुळे निम्म्या मुलांना शाळेत जेवण फुकट मिळतं. टक्केवारी मला तोंडपाठ होती. पण ही माणसं एका जागी मी कधी पाहिली नव्हती.

एप्रिलमध्ये खग्रास सूर्यग्रहण आमच्या डोक्यावरून जाणार होतं. शाळांना सुट्टी देऊन आम्ही हायस्कूलचं मैदान सगळ्यांना खुलं केलं. दुपारी तिथे गवत दिसेना. वॉल्टनं स्वतः बनवलेली, सूर्यासाठी खास काळी काच लावलेली दुर्बीण आणली होती. तिच्यापुढे डॉक्टर, सोमाली मुली, म्हातारे, सगळे रांगेत.

"ढकलू नका रे! सूर्य कुठे पळून जात नाही!" वॉल्ट ओरडत होता.

व्यायामशाळेच्या दारात अपार्टमेंटमधली नेपाळी सरिता अधिकारी उभी होती, दिवस भरत आलेली. तिची सासू देवीमाया दार अडवून होती.

"या का नाही येत?" वॉल्टनं विचारलं.

"ग्रहणात गरोदर बाईनं बाहेर पडायचं नसतं म्हणतात आई," सरिता ओशाळून म्हणाली. "मलाही धीर होत नाही."

आता काही खरं नाही, असं मला वाटलं. वॉल्ट काहीतरी खवचट बोलणार. तो डोकं खाजवत राहिला. मग दुर्बीण उचलून त्यानं दारापाशी आणली, काळी काच काढली आणि आतल्या भिंतीशी पांढरा पुठ्ठा धरला. पुठ्ठ्यावर कुरतडलेला सूर्य उमटला.

"आजींना सांग, बाहेर यायची गरज नाही."

देवीमाया वाकून बघत राहिली. मग हसली.

उजेड विझू लागला. गार वारा सुटला, पाखरं गप्प झाली. मैदानावरचे दिवे आपोआप लागले, तेव्हा चार भाषांत एकच ओरडा झाला, "बंद करा!" आणि मग वर काळं वर्तुळ, भोवती पांढऱ्या ज्योती, चहूबाजूंच्या क्षितिजांवर संध्याकाळ. हजारो गळ्यांतून एक हुंकार निघाला. तो कुठल्याच भाषेतला नव्हता. देवीमाया कधी उंबऱ्याबाहेर आली, तिलाही कळलं नसावं. हात जोडून ती वर बघत होती. शेजारी वॉल्ट टोपी काढून उभा, गालांवर पाणी.

"बापरे," एवढंच तो पुनःपुन्हा म्हणत राहिला.

मे महिन्याच्या सभेत वॉल्ट पुन्हा बोलायला उठला. "माझा विरोध कायम आहे. लहान पोरांना बसमध्ये फार वेळ बसावं लागेल. पण मागच्या वेळी त्या लोकांबद्दल जे बोललो, ते बोलायला नको होतं."

ठराव एका मताच्या फरकानं मंजूर झाला. लहान पोरांचा वेळ वाचावा म्हणून बसचा मार्ग आम्ही बदलून घेतला. वॉल्ट नाराज होऊनच घरी गेला.