नववा मोजा

मित्रांनो, मी एक जुना उष्णतामापक आहे. नाव भारदस्त, ऐवज बेताचा: बोटभर पत्रा, त्यात काचेची नळी, नळीत लाल द्रव आणि पाठीला आकड्यांची पट्टी. जर्मनीतल्या कासेल शहरातल्या एका चारमजली इमारतीत, तळमजल्यावरच्या पुलमनबाईंच्या रेडिएटरवर, म्हणजे गरम पाण्याने खोली तापवणाऱ्या उभ्या लोखंडी फासळ्यांच्या रांगेवर, माझी एकवीस वर्षं गेली. रेडिएटर तापला की माझा द्रव उडायचा. पट्टी ज्याच्या त्याच्या रेडिएटरच्या मापाची: फासळ्या जास्त, तर तेवढ्याच द्रवाला आकडा मोठा. किती उडाला ते जानेवारीत वाचायचं आणि तळघरातल्या बॉयलरचा खर्च त्याप्रमाणे सोळा बिऱ्हाडांत वाटायचा. थोडक्यात, एकमेकांवर संशय घेण्याचा अधिकृत परवाना म्हणजे मी.

आरंभी माझं फार कौतुक झालं. "आता ज्याची ऊब त्याच्या माथी!" असं तिसऱ्या मजल्यावरचे ड्रोगे जिन्यात तीनदा म्हणाले.

मग एका उन्हाळ्यात रेडिएटर रंगवले. आम्हा सगळ्या मापकांच्या पट्ट्या काढून एका बादलीत टाकल्या आणि नंतर परत लावल्या. माझ्या पाठीला कोणती लावली, ते मला दिसलं नाही.

त्या वर्षी पुलमनबाईंचा आकडा जवळपास दुप्पट झाला. ड्रोग्यांचा निम्म्यावर आला. "मी घरात बनियनवर बसतो, तरी हा आकडा! शिस्त लागते," ते सांगत सुटले. जिना झाडायच्या पाळ्यांच्या तक्त्याशेजारी त्यांनी कागद लावला: काही रहिवासी खिडकी उघडी ठेवून रस्ता तापवतात. नाव नव्हतं. वाचणारे वाचून झाल्यावर तळमजल्याच्या दाराकडे बघायचे.

पुलमनबाईंनी माझ्या रेडिएटरची चावी जवळपास बंद केली. दोन हिवाळे ओव्हरकोट घालून बसल्या. गुरुवारच्या पत्त्यांच्या मैत्रिणी दात वाजवून वाजवून यायच्या बंद झाल्या. आकडा तरी त्यांना शोभेल इतका उतरेना. अखेर त्यांनी त्रेचाळीस वर्षांचं घर सोडत असल्याचं पत्र लिहिलं आणि टेबलावर ठेवलं. यंदाचा आकडा बघून ते टपालात टाकायचं होतं. मी फक्त उडालेला द्रव दाखवू शकत होतो, मित्रांनो. बोलता मला येत नाही.

जानेवारीत आकडे घेणाऱ्या साडोव्स्कीबाई विजेरी घेऊन आल्या. मागोमाग ड्रोगे, साक्षीदार म्हणून.

"बैठकीची खोली, पट्टी पंधरा फासळ्यांची," साडोव्स्कीबाईंनी माझ्या पाठीवरचं वाचलं.

"किती?" पुलमनबाईंनी विचारलं.

"पंधरा."

"अहो, यावर माझे आठ मोजे वाळतात, फासळीला एक. नववा खुर्चीवर टाकावा लागतो. त्रेचाळीस वर्षं!"

"इथे मोज्यांचा हिशोब चालत नाही, बाई," ड्रोगे म्हणाले.

"मग फासळ्यांचा करू." साडोव्स्कीबाई उकिडव्या बसल्या आणि बोट लावून मोजू लागल्या. आठ. पुन्हा मोजल्या. आठच. "मग आठाची पट्टी कोणाकडे गेली? ड्रोगेसाहेब, तुमचा रेडिएटर केवढा आहे हो?"

"मला जरा पाव आणायचा होता..."

"आणा की. किल्ली तेवढी देऊन जा."

पुलमनबाईंनी ओल्या मोज्यांची टोपली उचलली. पुढचं मला पाइपातून ऐकू आलं. इमारतीतली सगळी भांडणं मला अशीच कळत आली आहेत. ड्रोग्यांच्या रेडिएटरवर एकेक मोजा पडत होता, दार सताड उघडं होतं आणि जिन्यात गोळा झालेली बिऱ्हाडं बाईंबरोबर मोजत होती. "आठ! नऊ!" नवव्याला कोणीतरी शिट्टी मारली. "चौदा! पंधरा!" टाळ्यांनी माझी काच थरथरली.

पट्ट्या जागच्या जागी आल्या. मागची सगळी वाटणी नव्याने झाली. जिन्यातला कागद ड्रोग्यांनी स्वतः काढला, चारही टाचण्यांसकट. पुलमनबाईंनी घर सोडायचं पत्र घडी करून डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सरकवलं आणि चावी पूर्ण सोडली. गुरुवारी चार बायका बिनकोटाच्या पत्ते खेळल्या.

गेल्या वर्षी आमच्या जागी बॅटरीवरचे मापक आले. मला मात्र बाईंनी भंगारात जाऊ दिलं नाही. खिडकीत कुंडीशेजारी, उन्हात बसलो आहे.

एवढंच मागणं आहे, मित्रांनो. नवीन मापकांना जपा, पण नुसतं त्यांच्या भरवशावर राहू नका. आकडा आम्ही सांगू. तो कशाचा आहे, हे उकिडवं बसून माणसानेच बघायचं असतं. शेजाऱ्याला उधळ्या ठरवण्याआधी त्याच्या रेडिएटरच्या फासळ्या मोजा. बोट लावायची लाज वाटली, तर मोजे चालतात.