बोल्टवरची रेघ

गॅरेजचं नाव काढलं की पेंटरच्या कपाळाला आठी पडायची. खरं तर हा माणूस दुकानांच्या पाट्या रंगवणारा. पण गाडीचा विषय निघाला की असा बोलायचा, जणू इंजिनातच जन्माला आलाय. "ते लोक एक दुखणं काढतात आणि दोन नवी लावून देतात," हे त्याचं ठरलेलं वाक्य. त्यावर बायकोचंही ठरलेलं उत्तर होतं, "तुम्ही तेच करता की. फक्त घरच्या घरी." पेंटर हसायचा आणि पाना घेऊन पुन्हा गाडीखाली जायचा.

गाडी म्हणजे एक म्हातारी पिकअप. मागे शिड्या, पत्रे आणि रंगाचे डबे. डावीकडचा दरवाजा बाहेरून उघडायचा तर आतल्या माणसाला खांद्याने ढकलावं लागायचं. शेजारीच धाकट्या भावाची पिकअप उभी असायची. तोच सांगाडा, तेच मॉडेल, फक्त रंग निराळा. धाकटा तिच्यातून विटा आणि सिमेंट वाहायचा. दोघांनी एकच मॉडेल घ्यावं ही कल्पनाही त्याचीच. "दादा, एकीचं सामान दुसरीला चालेल," असं तो म्हणाला होता, आणि पेंटरला ते तेव्हा फार शहाणपणाचं वाटलं होतं.

घर एकच, मधे एक भिंत घालून दोन केलेलं. अंगण मात्र दोघांचं मिळून. आई पेंटरकडे राहायची आणि जेवायला जिकडे चांगला वास येईल तिकडे जायची. रविवारी सकाळी अंगणात जुनी चादर अंथरली जायची, तिच्यावर पाने-पक्कड मांडली जायची आणि दोघे भाऊ कामाला लागायचे. कामाची वाटणी कधी कोणी ठरवली नव्हती, पण कधी बदललीही नव्हती. जॅक लावून गाडी उचलायची धाकट्याने. सांगाड्याखाली लाकडी ठोकळा सरकवायचा धाकट्याने. तो "लावलाय" म्हणाला की पेंटर पाठीवर घसरत खाली जायचा. ठोकळा नीट बसलाय का हे त्याने इतक्या वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं. पाहायचं असतं हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

ब्रेकच्या नळीतली हवा काढायची असली की धाकटा सीटवर बसून पेडल दाबायचा आणि पेंटर खालून नळीची टोपी सैल करायचा. "दाब." "दाबलंय." "धर." "धरलंय." "सोड." आई पायरीवर मटार सोलत बसलेली असायची. एकदा ती म्हणाली होती, "एरवी तुम्ही दोघांनी एकमेकांचं इतकं ऐकलं असतंत तर माझे केस काळे राहिले असते."

पेंटरची एक खोड होती. बोल्ट पुरता आवळून झाला की त्याच्यावर तो पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढायचा, अर्धी बोल्टवर आणि अर्धी शेजारच्या लोखंडावर. बोल्ट जरा जरी फिरला तर रेघ तुटलेली दिसते. पाट्यांच्या कामातला सगळ्यात बारीक ब्रश त्याने यासाठी बाजूला काढला होता. रेघ एका दमात यायची, सुरुवातीला भरीव आणि शेवटी निमुळती होत गेलेली. धाकट्यालाही त्याने हे दटावून शिकवलं होतं. रेघ नाही तर काम झालं नाही, असा त्याचा कायदा होता. धाकट्याकडे ब्रशचं कसब नव्हतं, तो काडी बुडवून रेघ ओढायचा.

गेल्या महिन्यात पेंटरने पुढच्या चाकांना नवे ब्रेक पॅड बसवले. ते मिळवताना त्याच्या नाकी नऊ आले होते. मॉडेल जुनं, माल येणं बंद झालेलं. एका दुकानदाराने फळीच्या तळातून शेवटचा जोड काढून दिला. "आता पुन्हा मागू नका, मिळायचा नाही," असंही वर ऐकवलं. आवाज करू नयेत म्हणून पेंटरने पॅडचे कोपरे कानशीने थोडे घासले, ते बसवले, रेघा ओढल्या आणि बायकोला बोलावून दाखवलंही. पाहण्यासारखं त्यात काय आहे ते तिला कळलं नाही, पण तिने छान म्हटलं.

मग तो एका मोठ्या फलकाच्या कामाला परगावी गेला. नेणं-आणणं मालकाच्या गाडीतून होतं, त्यामुळे पिकअप अंगणातच राहिली.

परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. निघाल्यापासून पुढच्या चाकातून कर्र कर्र ऐकू येत होतं. नव्या पॅडना बसायला वेळ लागतो, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. दवाखान्याआधी एक लांब उतार लागतो. उताराच्या तळाशी शाळा सुटली होती. पेंटरने पाय दाबला आणि पेडल खालीच गेलं. गाडी जराशी अडखळली, पण थांबेना. त्याने गिअर खाली आणला, हँडब्रेक ओढला आणि गाडी रस्त्याकडेच्या वाळूच्या ढिगात घातली. आईचं कपाळ समोरच्या फळीवर आपटलं. दप्तरं पाठीला लावलेली पोरं जागच्या जागी उभी राहून बघत होती.

"काय झालं रे?" आईने विचारलं.

"काही नाही. ब्रेक जरा नवीन आहेत," पेंटर म्हणाला. त्याचे हात स्टिअरिंगवरून निघत नव्हते. आईच्या भुवईवर टेंगूळ येत होतं आणि ती मात्र चष्म्याची काच फुटली नाही म्हणून खूश होती.

रिक्षाने आईला दवाखान्यात पोचवून, गाडी पहिल्या गिअरमध्ये सरपटत त्याने कशीबशी घरी आणली आणि चाक काढलं. आत बघितलं. पॅड झिजून नुसता पत्रा उरला होता. महिन्याभरात पॅड इतके झिजत नाहीत. त्यांचे कोपरेही घासलेले नव्हते. हे त्याचे पॅड नव्हतेच.

मग त्याने बोल्ट पाहिले. बोल्टवर पांढरी रेघ होती. सरळ आणि न तुटलेली होती, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखीच जाड. काडीने ओढलेली.

आयुष्यभर अक्षरं रंगवलेल्या माणसाला हात ओळखायला वेळ लागत नाही. तरी पेंटर त्या रेघेकडे बघत बसला. आपली ओळख चुकावी असं त्याला फार मनापासून वाटत होतं. तेवढ्यात बायको पाणी घेऊन आली.

"मी नसताना गाडीला कोणी हात लावला होता?"

"भाऊजींनी. चाक काढून बसले होते. सहज तपासतोय म्हणाले," ती म्हणाली. "मीच चहा नेऊन दिला की त्यांना."

पेंटरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोर भिंत चढून आला असता तर त्याने चार शिव्या घालून विषय संपवला असता. इथे चोराने अंगणात बसून, घरातला चहा पिऊन केसाने गळा कापला होता.

दुपारी धाकट्याची पिकअप फाटकातून आत आली आणि थांबली. कसलाही आवाज न करता, जिथे थांबायची तिथेच.

"ब्रेक छान लागतात तुझे," पेंटर म्हणाला.

धाकट्याने आधी दादाकडे पाहिलं, मग उघड्या चाकाकडे. चावी त्याने उगाच एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"कोपरे घासलेले पॅड आहेत ना तुझ्यात? की मी वाकून बघू?"

"दादा, माझे पार संपले होते," धाकटा म्हणाला. "कुठेच मिळत नव्हते. मला भरलेली गाडी घेऊन खाणीचा उतार उतरावा लागतो. तुझी गावातल्या गावात फिरते, मागे चार डबे. मला वाटलं, तेवढ्यात निभेल. तोवर मी दुसरे शोधतो आणि तुझे परत लावून टाकतो. तुला कळलंही नसतं."

"आज आई होती गाडीत."

धाकट्याचा चेहरा उतरला. तो पायरीवर बसला, आई रोज बसते तिथेच. "मला काय माहीत तू आज आईला..."

"आणि मी एकटा असतो तर? चाललं असतं?"

धाकटा चावीने पायरीची कड खरवडू लागला.

"मागितले का नाहीस?"

"मागितले असते तर तू दिले असतेस."

"मग झालं काय?"

"हेच," धाकटा म्हणाला आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. "लहानपणापासून तू देतोस आणि मी घेतो. सायकल तुझी, कपडे तुझे, गाडी शिकवलीस तीही तूच. आणि मग आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, थोरल्याने धाकट्याचं किती केलं. ऐकून ऐकून कान किटलेत माझे. पुन्हा तोंड वेंगाडायचं जिवावर आलं."

आपण जे हौसेने दिलं ते समोरचा अपमान म्हणून साठवत होता, हे पेंटरला आज कळत होतं. त्याला राग आला होताच, पण रागाखाली दुसरंच काहीतरी दुखत होतं, आणि ते ब्रेकपेक्षा कितीतरी जुनं होतं.

"आणि रेघ?" त्याने शेवटी विचारलं. "मला फसवायला ओढलीस?"

"नाही रे," धाकटा खाली बघत म्हणाला. "सवयीने. बोल्ट आवळला की रेघ ओढल्याशिवाय हात उठत नाही. तूच लावलीस सवय."

ते खरं होतं, पेंटरला ते लगेच पटलं. फसवायला ओढली असती तर सोसलं असतं. पण याने दादाच्या गाडीत मेलेले पॅड बसवले, दादाने शिकवलं तसे बोल्ट नीट आवळले आणि काम झालं म्हणून वर रेघ ओढली. ती रेघ ओढताना याच्या मनात काय होतं? हे मात्र पेंटरने विचारलं नाही.

आईला त्याने काही सांगितलं नाही. टेंगूळ उतरलं आणि ती पुन्हा दोन्ही घरांचे वास घेत हिंडू लागली. आठवडाभर दोघे भाऊ अंगणात एकमेकांना चुकवत राहिले.

रविवारी सकाळी पेंटरने चादर अंथरली. थोड्या वेळाने धाकटा आला. त्याच्या हातात फडक्यात गुंडाळलेले पॅड होते, कोपरे घासलेले. त्याची स्वतःची पिकअप पुढची दोन्ही चाकं काढून विटांवर उभी होती.

"माझी राहू दे उभी. दुसरीकडे सांगून ठेवलंय," तो म्हणाला.

पेंटरने पॅड घेतले. ते बसवले, बोल्ट आवळले, ब्रशने रेघा ओढल्या आणि चाकं चढवून गाडी खाली घेतली. ब्रेकचं तेल त्या दिवशी तापून उकळलं होतं आणि नळीत हवा धरली होती, ती काढायला हवी होती. त्या कामाला दोन माणसं लागतात, आणि या घरात ती दोन माणसं हीच. आई मटाराची टोपली घेऊन पायरीवर येऊन बसली.

धाकट्याने जॅक फिरवला. गाडी वर उचलली गेली. त्याने ठोकळा सांगाड्याखाली सरकवला, हाताने दाबून बसवला आणि उभा राहिला.

"लावलाय," तो म्हणाला.

पेंटर चादरीवर आडवा झाला. पाना हातात घेतला. आणि खाली सरकायच्या आधी, आपण काय करतोय हे कळायच्या आतच, त्याने हात लांबवून ठोकळा धरला आणि जोर लावून हलवून पाहिला. एकदा आणि मग पुन्हा एकदा.

ठोकळा पक्का बसला होता, तसूभरही हलला नाही.

त्याने मान वळवली तेव्हा धाकटा जागीच उभा होता आणि त्याच्या हाताकडे बघत होता. सोलता सोलता आईचेही हात थांबले होते.

"काय रे, नीट नाही का लागला?" तिने विचारलं.

"नीट लागलाय," पेंटर म्हणाला.

धाकटा वर चढला आणि सीटवर बसला. पेंटर गाडीखाली सरकला.

"दाब," त्याने खालून सांगितलं.

वरून लगेच उत्तर आलं नाही.