रंभाबाईनं बांधून घेतलेलं छप्पर

मे महिन्यातल्या त्या दुपारी रंभाबाई गोठ्यात म्हशीला पाणी दाखवत होती. धरणाच्या अंगानं धुळीचा लोट उठला आणि गरागरा फिरत माले गावच्या खाचरांवरून थेट वस्तीत शिरला. तिनं गोठ्याच्या खांबाला मिठी मारली आणि डोळे घट्ट मिटले. उघडले तेव्हा समोरचं घर बोडकं झालं होतं. पत्रे खालच्या लोखंडी अँगलसकट उचलले जाऊन तिच्या दिराच्या, कुशाबाच्या खाचरात वेडेवाकडे पडले होते. भिंती तेवढ्या जागेवर होत्या.

तिचा मुलगा निरंजन हिंजवडीत नोकरीला. तो लगोलग आला, ताडपत्री बांधून दिली आणि आपल्या फ्लॅटवर चल म्हणून मागं लागला. म्हशीकडं कोण बघणार, असं म्हणून तिनं त्याला वाटेला लावलं. तिसऱ्या दिवशी तो जमिनीच्या एका एजंटाला घेऊन आला. त्या माणसानं बिनछपराच्या खोलीत उभं राहून ताडपत्रीच्या फटीतून आभाळ बघितलं. पाऊस तोंडावर आलाय, अशा घरात पुन्हा जीव अडकवण्यात अर्थ नाही, असं तो बराच वेळ समजावत राहिला. रंभाबाईनं सगळं ऐकून घेतलं.

“च्या घ्या आन् निघा,” ती म्हणाली. “घर इकायचं न्हाई.”

एजंट गेल्यावर निरंजन चिडला. “आई, पुढच्या वर्षी परत उडालं तर?”

“ह्या वक्ताला कशानं उडालं, ते आदी बघू दे मला.”

आणि तिनं खरंच बघितलं. दोन दिवस ती गावभर फिरली. कुणाचं छप्पर गेलं, कुणाचं राहिलं, जिथं राहिलं तिथं काय वेगळं होतं, हे ती घरोघरी विचारत होती. लोकांना वाटलं, धक्क्यानं बाईचं चित्त थाऱ्यावर नाही. पण फिरून आली तेव्हा तिला दोन गोष्टी पक्क्या कळल्या होत्या. ज्यांच्या ओसरीचा पत्रा पुढं लांब काढून घराच्याच पत्र्याला जोडला होता, त्यांच्याकडं वारा खालून शिरला आणि त्यानं सगळं एकदम उचललं. आणि तिच्यासकट, छप्पर गेलेल्या सगळ्यांचे अँगल भिंतीत एका विटेच्या आधारानं नुसते टेकवलेले होते.

तिनं पौडच्या विलास वेल्डरला बोलावलं. भिंतींवरून चौफेर सळयांचा काँक्रीटचा पट्टा ओतायचा, वर सोडलेल्या सळयांना अँगल वेल्ड करायचे, पत्र्याच्या कडेला हुक जवळजवळ मारायचे आणि ओसरी घरापासून सुटी ठेवायची, असं तिनं सांगितलं. विलास हसला. इतकं कुणीच करत नाही, उगाच वेळ जाईल, म्हणाला.

“कुणीच करत न्हाई म्हनून तर इतक्यांची उडाली,” रंभाबाई म्हणाली. “तुला जमत नसंल तर सांग.”

त्यानं काम घेतलं. पट्टा ओतल्यावर ती सकाळ-संध्याकाळ शिडीवर चढून स्वतः पाणी मारत होती. पहिल्या पावसात काम थांबलं, पंधरा दिवस ती गोठ्यात म्हशीशेजारी झोपली. निरंजनचा रोज फोन यायचा. ती म्हणायची, कोरडी हाय, तू जेव. अर्धं खरं होतं.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्येच वादळ आलं. आभाळ काळवंडताच, गोठा अंगावर पडू नये म्हणून तिनं म्हैस सोडून मोकळ्यावर नेऊन बांधली, कुशाबाला घरात बोलावून घेतलं, दारं-खिडक्या लावून आतून अडणे घातले. वर पत्रे थडथडू लागले. कुशाबा कोपऱ्यात डोकं धरून बसला. रंभाबाई मात्र खोलीच्या मध्यभागी उभी राहून वर बघत होती. बाहेर काहीतरी कडाडून तुटलं. तिनं नजर हलवली नाही.

वारा पडल्यावर दार उघडलं. ओसरीचा पत्रा गेला होता. घर आणि त्याचं छप्पर जसंच्या तसं उभं होतं.

दुसऱ्या दिवशी निरंजन आला. अंगणात उभा राहून छपराकडं बघू लागला. रंभाबाईनं त्याच्या हातात पाना दिला आणि शिडी भिंतीला लावली.

“वर जा. एकेक नट हातानं बघ.”

तीन ढिले निघाले. ते त्यानं आवळले. ती खालून शिडी धरून उभी होती. पलीकडच्या कोपऱ्यात अजून एक राहिलाय, म्हणत होती.