व्हर्लिन हौशी ठरला तो शनिवार

व्हर्लिन स्टकी हा माझ्या बहिणीचा, लोर्नाचा नवरा. आठवडाभर शेतकऱ्यांच्या धान्यकोठारांचे पंखे दुरुस्त करायचे आणि शनिवारी मातीच्या गोल ट्रॅकवर रेसची गाडी पळवायची, असं त्याचं वर्षानुवर्षं चाललंय. गाडी त्याने स्वतः बांधलेली. ती बंद ट्रेलरमध्ये चढवायची, ट्रेलर आपल्याच पिकअपला जोडायचा आणि पुढे तिघांनी दाटीवाटीने बसून निघायचं. मी, मर्ल, त्याचा मेकॅनिक. म्हणजे टायर मी बदलतो, आणि हरल्यावर तो माझ्यावर चिडतो.

व्हर्लिन जिंकत नाही. गाडी चांगली आहे, हातही वाईट नाही, पण वळणावर आला की प्रेक्षकांत कोण बसलंय हे त्याला बघायचं असतं. बोलण्यात मात्र त्याला कुणी मागे टाकू शकत नाही. न्हाव्याच्या खुर्चीत बसल्याबसल्या तो सांगतो, "बारीक काप रे, आम्हा प्रोफेशनल लोकांना हेल्मेट घालायचं असतं."

त्या वर्षी त्याने एक स्पॉन्सर मिळवला. गावात टॉरकेल्सनबाईंचा काकडीच्या लोणच्याचा छोटा कारखाना आहे. व्हर्लिनने बाईंकडे इतक्या खेपा घातल्या की शेवटी त्या म्हणाल्या, लिही बाबा माझं नाव, पण पैसे नाही मिळायचे, लोणचं देईन. त्याने ट्रेलरवर पुरुषभर उंचीच्या पिवळ्या अक्षरांत रंगवलं : टॉरकेल्सन लोणची, व्हर्लिन स्टकी रेसिंग टीम.

"टीम कुठली?" लोर्नाने विचारलं.

"तू आणि मर्ल."

"मला कुणी विचारलं होतं?"

हंगामातली शेवटची रेस शेजारच्या काउंटीत होती. दुपारी आम्ही हायवेला लागलो. वजनकाट्यापाशी एका पोलीसबाईंनी हात करून आम्हाला आत घेतलं. छातीवरच्या पट्टीवर प्रुइट असं नाव होतं. त्यांनी पिवळी अक्षरं सावकाश वाचली आणि खिडकीपाशी आल्या.

"आत काय आहे?"

"रेसची गाडी, मॅडम."

"हौस आहे की धंदा?"

गणवेशातल्या माणसाने आपल्याला हा प्रश्न विचारावा, याची व्हर्लिन बहुधा जन्मभर वाट बघत होता. तो ताठ बसला. "प्रोफेशनल. स्पॉन्सर आहे आपल्याला."

"बरं झालं सांगितलंत," प्रुइटबाई म्हणाल्या. "मग दारावर धंद्याच्या गाडीचा नंबर कुठंय? तब्येतीचा डॉक्टरचा दाखला? आग विझवायचं नळकांडं?"

व्हर्लिनने समोरचा कप्पा उघडून आत पाहिलं.

बाईंनी शांतपणे समजावलं. आपली गाडी आपल्या ट्रकने हौसेखातर ओढली तर त्यांना काही घेणंदेणं नाही. पण ट्रक-ट्रेलर मिळून एवढं वजन झालं, आणि त्यात बक्षीस, स्पॉन्सर अशी कमाई आली, की कायद्याच्या लेखी तो आणि दुधाचा टँकर सारखेच. "तेव्हा दंड होईल, आणि ही गाडी इथून हलणार नाही."

"प्रोफेशनल म्हणजे तसं नव्हे," व्हर्लिन म्हणाला. "मनाने."

लोर्ना त्याच्या अंगावरून वाकून खिडकीशी आली. लग्नानंतर इतक्या उत्साहात मी तिला पहिल्यांदाच बघत होतो.

"मॅडम, मी याची बायको. हा हौशी आहे. याच्याइतका हौशी माणूस तुम्हाला अख्ख्या आयोवात सापडायचा नाही."

"बक्षिसं?"

"एकदा डुकराच्या मांसाचं हॅम मिळालं होतं."

"ते सोडतीत," मी पलीकडून भर घातली. "तिकीटही लोर्नाचं होतं."

"मर्ल, तू गप्प बस," व्हर्लिन म्हणाला.

"गप्प कशाला? तुझ्याच भल्याचं बोलतोय तो," लोर्ना म्हणाली.

"आणि स्पॉन्सर काय देतो?" बाईंनी विचारलं.

लोर्नाने सीटखालून एक बरणी काढून बाईंच्या हातात दिली. बाईंनी ती उजेडात धरून पाहिली. "शेपू घातलेलं?"

"शेपू आणि लसूण."

बाईंनी बरणी परत केली. "घरचे लोक काय, काहीही सांगतील. बाहेरचं कुणी आहे का, याला ओळखणारं?"

तेवढ्यात मागून एक चकचकीत काळा ट्रक रेसच्या गाडीचा ट्रेलर ओढत आत आला. ड्वेन केसल. आमच्या ट्रॅकचा राजा, आणि व्हर्लिनच्या पोटातलं दुखणं. बाईंनी त्यालाही थांबवलं. काय चाललंय हे कळल्यावर तो उतरून आमच्या दाराला रेलून उभा राहिला.

"व्हर्लिन आणि कमाई? मॅडम, या माणसाला मी आजवर फक्त माझ्या आरशात पाहिलंय. तेही लांबून."

व्हर्लिनने स्टीअरिंग आवळून धरलं. बोलला असता तर दंड होता.

"म्हणजे तुम्ही जिंकता," प्रुइटबाई म्हणाल्या.

"जवळजवळ दर शनिवारी. हा ट्रक बक्षिसांतूनच तर..."

ड्वेन मध्येच थांबला. आपण काय बोललो हे त्याचं त्यालाच ऐकू आलं होतं.

"मॅडम," व्हर्लिन अतिशय नम्रपणे म्हणाला, "याची साक्ष हवी असेल तर मी देतो. फार जिंकतो तो."

आम्हाला सोडलं. ड्वेनच्या ट्रकला ना नंबर होता, ना दाखला, ना नळकांडं. तो तिथेच अडकला. व्हर्लिन ट्रॅक येईपर्यंत हसत होता. हसता हसता त्याला उचकी लागली.

"आज तू जिंकशील बघ," मी म्हणालो.

"जिंकेल की," लोर्ना म्हणाली. "आणि सगळे म्हणतील, ड्वेन नव्हता ना."

व्हर्लिनची उचकी थांबली. ट्रॅकवर पोचल्यावर त्याने गाडी उतरवली. मग त्याने ट्रेलर सोडवला आणि मला म्हणाला, "बस. जरा जाऊन येऊ."

वजनकाट्यापाशी ड्वेन आपल्या ट्रकच्या पायरीवर डोकं धरून बसला होता. प्रुइटबाईंनी आम्हाला बघून सुस्कारा टाकला. "आता काय?"

"याचा ट्रेलर ओढून न्यायचाय."

"भाड्याने?"

"फुकट. मी हौशी आहे, मॅडम. तुम्हीच ठरवलंत."

बाई ड्वेनकडे वळल्या. "आणि तुम्ही जिंकलात तर?"

"बक्षीस ट्रॅकवरच्या अग्निशामकवाल्यांना देईन," ड्वेन पडेल आवाजात म्हणाला.

बाईंनी ट्रेलरभोवती एक फेरी मारली, साखळ्या ओढून पाहिल्या, दिवे पाहिले. "ट्रेलर न्या. काळा ट्रक मात्र इथेच राहील."

परतताना ड्वेन आमच्या मध्ये गुडघे जवळ घेऊन बसला होता. त्याने विचारलं, "का आलास रे?"

"तू नसलास तर मी कुणाच्या मागे जाऊ?" व्हर्लिन म्हणाला.

ड्वेन उशिरा पोचला म्हणून त्याला सगळ्यांच्या शेवटी उभं केलं. व्हर्लिन त्या दिवशी प्रेक्षकांकडे बघतच नव्हता. त्याचं सगळं लक्ष आरशात होतं, ड्वेनची काळी गाडी कुठवर आली यावर. एकेकाला मागे टाकत ती आली, अर्ध्या रेसमध्ये व्हर्लिनच्या शेजारून गेली आणि जिंकली. पण तिच्या धाकाने व्हर्लिन इतका सुसाट सुटला होता की त्याचा तिसरा नंबर आला. असा नंबर त्याने आयुष्यात पाहिला नव्हता. मी टायरवर बसलो आणि चक्क रडलो.

आयोजक पाकीट घेऊन आले. तिसऱ्या नंबरालाही बक्षीस असतं, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. व्हर्लिनने हात आपोआप पुढे केला आणि गरम तव्याला लागल्यासारखा मागे घेतला. "नको. मी हौशी आहे."

"अरे, तुझं आहे ते."

"मला नाही चालत. लोणचं असेल तर द्या."

शेजारी ड्वेन आपलं पाकीट अग्निशामकवाल्यांच्या हाती देत होता. त्याचा चेहरा बघण्यासारखा होता, आणि व्हर्लिनने तो पोटभर बघून घेतला. लोर्नाने मात्र पुढे होऊन व्हर्लिनचं पाकीट आयोजकांच्या बोटांतून अलगद सोडवलं आणि पर्समध्ये टाकलं.

"तो हौशी आहे," ती म्हणाली. "मी नाही."

व्हर्लिनने घाबरून गेटकडे पाहिलं. तिथे मक्याची कणसं विकणारा सोडून कुणी नव्हतं. मग तो ड्वेनच्या ट्रेलरपाशी गेला, तो आपल्या पिकअपला जोडला आणि ड्वेनला आधी घरी सोडायला निघाला. लोर्ना आणि मी कणसं खात, आमची गाडी राखत बसलो.