उजेडात ठेवलेला ग्लास

रविवारी सकाळी लालबागच्या चाळीत कौसल्या रंगाच्या पाण्याची बाटली घेऊन आली, तेव्हा मृणालिनी लेकीला पेज भरवत होती.

"ताई, आज लालच लाल हाय. पोरीपासून लांब ठेवा हां."

कौसल्या नायगावच्या बीडीडी चाळीतली, बौद्ध. गिरण्यांच्या संपात नवऱ्याची नोकरी गेली ती गेलीच. तेव्हापासून वीस वर्षं ती एका छोट्या रंगकारखान्यात कापड धूत होती. तिथलं गटारात जाणारं पाणी ती मृणालिनीच्या संशोधनासाठी आणून देई. उजेडात असं पाणी स्वच्छ करणारी पांढरी भुकटी आधीपासून होती, पण तिला अतिनील दिवे लागत. ते छोट्या कारखान्यांना कुठले परवडायला? मृणालिनीने भुकटीत नायट्रोजन मिसळून ती पिवळसर केली होती. साध्या उजेडातही रंग तुटावा, हाच तिचा ध्यास.

आतून सासूबाई म्हणाल्या, "तिला पाणी दे गो. तिच्या ग्लासात."

'तिचा' ग्लास काचेचा, गॅलरीच्या कठड्यावर. घरातले स्टीलचे, आत मांडणीवर. सहा महिने मृणालिनी हे पाहत होती. बोलायचं ठरवी आणि गिळून टाकी. सासूबाई बिनसल्या तर पोरीला कोण सांभाळणार? पीएचडीचं काय?

पाणी पिऊन कौसल्या भायखळ्याच्या बाजारात गेली. परतताना रिकामी बाटली न्यायला येणार होती. मृणालिनीने प्रयोग मांडला. दोन बीकर भरले. तिसरं भांडं कमी पडलं. तिने कठड्यावरचा ग्लास उचलला. काचेचा आहे, उजेड आरपार जाईल. शिवाय घरातलं कुणी त्याला तोंड लावणार नाही. त्यातही लाल पाणी ओतून तिने भुकटी घातली आणि सगळं गॅलरीतल्या उजेडात ठेवलं.

दुपारपर्यंत लालाचं गुलाबी झालं, मग तेही गेलं. तिने हरखून पाणी गाळलं, परत ग्लासात ओतलं आणि तो कठड्यावर ठेवला. नितळ. रंग गेला म्हणजे विष गेलं असं नव्हे, ते तपासायचं होतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तेवढ्यात लेक रडली म्हणून ती आत गेली.

बाहेर आली तर कौसल्या रिकामा ग्लास खाली ठेवत होती.

"माझ्यासाठीच भरून ठेवलावता ना? जरा कडू लागलं."

इस्पितळात नेताना जिन्यातच कौसल्या दोनदा ओकली. टॅक्सीत बसताना सासूबाई कानाशी लागल्या, "चुकून प्यायली म्हणून सांग. जास्त बोलू नको. पोर माझ्याकडे असते, विसरू नको."

परळच्या इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, "रसायनाचं पाणी प्यायच्या ग्लासात ठेवलं कुणी?"

"मी."

"कमाल आहे! घरातलं कुणी प्यायलं असतं म्हणजे?"

कौसल्या खाटेवरून बघत होती.

"घरातलं कुणी प्यायलं नसतं," मृणालिनी म्हणाली. "ही बौद्ध आहे म्हणून तो ग्लास वेगळा ठेवलेला. मला माहीत होतं. म्हणूनच मी तो घेतला."

डॉक्टरांनी तेही लिहून घेतलं.

संध्याकाळी जिवाचा धोका टळला. मृणालिनी उशाशी बसली. कौसल्याच आधी बोलली.

"मला काय ठाऊक नव्हतं व्हय, ताई? पहिल्याच दिवशी कळलं. सासूबाईंचं काय वाटलं नाय. तुम्ही शिकलेल्या. कधी बोलताय, वाट बघत होते."

"चुकलं माझं."

"बाटल्या देईन मी. ते काम आमच्याच गटाराचं हाय. पण घरी येणार नाय. कारखान्याच्या फाटकावर या."

"येईन. पोरीलाही आणावं लागेल. आता घरी सांभाळायला कुणी... तू जरा वेळ घेशील तिला?"

कौसल्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

मृणालिनीच्या कानशिलांपर्यंत लाज चढली. आजही, या खाटेशी बसून, तिने मागितलंच होतं. ती उठली. डॉक्टरांना सांगितलं ते सासूबाईंच्या तोंडावर सांगायला ती पायीच लालबागकडे निघाली.