आईच्या खुब्याचा निर्णय

सुताराच्या घरी पाहुणे आले की आधी आईची विचारपूस करत आणि मग आईच्या सोयी बघत. दुसऱ्या कामाला वेळ जास्त लागे. संधिवाताने आईचा उजवा खुबा पार धरला होता. पाऊल उचलायचं तर चेहरा पांढराफटक पडायचा. म्हणून मुलाने तिचा पलंग उंच केला, खिडकी लावायला लांब दांडा केला, पडलेली वस्तू उचलायला लाकडी चिमटा केला. आईला जे जे जमेनासं होई, त्याच्यासाठी एक वस्तू तयार होई. "मुलगा असावा तर असा!" असं शेजारी आईला सांगत. आई मान हलवायची. न दुखता हलणारं तेवढंच उरलं होतं.

त्या दिवशी तो पलंगाला सरकती फळी बसवत होता, म्हणजे आईला आता जेवायलाही उठायला नको. एवढ्यात मावशी जिना चढून आली. हे विशेषच, कारण मागे बाथरूममध्ये पडून तिच्या मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं होतं.

"काठी आहे, पण ती कुत्र्यांसाठी," मावशी म्हणाली. "नवा खुबा बसवलाय मला. ताई, तुला काय म्हणाले गं डॉक्टर?"

"विश्रांती घ्या म्हणाले. एक्स-रे घेऊन हाच गेला होता."

"एक्स-रे बघून नुसती विश्रांती?" मावशीने भाच्याकडे पाहिलं. भाचा स्क्रू पिळत होता. स्क्रू घट्ट बसला होता, तरी पिळत होता.

"तसं... ऑपरेशनचंही म्हणाले होते," तो फळीला उद्देशून म्हणाला. "मी म्हटलं, विचार करतो."

विचार म्हणून त्याने दवाखान्यातून येताना लाकूड आणलं होतं.

"कधी म्हणाले होते?" आईने विचारलं.

"वर्ष झालं."

मावशी बोलली. "तुझ्याकडे कुणी झिजलेल्या बिजागरीचं दार आणलं, तर बिजागरी बदलतोस, की दाराभोवतीचं घर सरकवतोस रे?"

"आई म्हणजे काय दार आहे, मावशी? या वयात भूल, कापाकापी... काही बरंवाईट झालं तर?"

"त्यातलं बरं होईल, असं एकदाही वाटलं नाही तुला?" आता आई बोलली.

"बाबा दवाखान्यात गेले ते परत आले नाहीत, आई. भीती वाटते मला."

"मलाही वाटते. पण भीती तुझी आणि पडून राहायचं मी, हा कुठला न्याय? नाही म्हणायचं असेल तर मी म्हणेन. तू परस्पर कोण?"

सुताराच्या हातातला स्क्रूड्रायव्हर खाली पडला. चिमटा शेजारीच होता, पण कुणाला सुचलं नाही.

"आधी ती फळी काढ," आई म्हणाली. त्याने काढली!

दवाखान्यात डॉक्टर सवयीने मुलाकडे बघून बोलू लागले. "इकडे बघून बोला," आई म्हणाली, "खुबा माझा आहे." डॉक्टरांनी खुर्ची वळवली. झिजलेला सांधा काढून कृत्रिम बसवायचा. जंतुसंसर्गाचा, रक्ताच्या गुठळीचा धोका असतो. आधी हृदय तपासायचं, नंतर व्यायाम चुकवायचा नाही. आईने इतके प्रश्न विचारले की बाहेरचे पेशंट दारातून डोकावू लागले. मग म्हणाली, "करा."

ऑपरेशननंतर वॉकर देऊन उभं केलं, तेव्हा तिने फिजिओथेरपिस्टच्या सगळ्या खानदानाचा उद्धार केला. पण उभी राहिली! पुढचे महिने सोपे नव्हते. आई व्यायाम करायची आणि घर तिची कुरकुर ऐकायचं. मग एका सकाळी ती जिना उतरून फुटपाथवरून चालू लागली. मागे मुलगा, दोन्ही हात पसरून, पडलीच तर झेलायला.

"हात खाली घे," आई मागे न बघता म्हणाली. "लोकांना वाटेल, कोंबडी धरायला निघालायस."

त्याने हात खाली घेतले आणि तो तिच्या शेजारून चालू लागला.

वाचकहो, प्रत्येक दुखऱ्या खुब्याला ऑपरेशन लागतं असं नाही, आणि प्रत्येकाला ते झेपेल असंही नाही. ते डॉक्टर सांगतील. पण ज्याचं हाड, त्याला ते आधी कळायला हवं. आपण म्हाताऱ्या माणसांचं सगळं मनापासून करतो. फक्त त्यांना विचारायचं तेवढं राहून जातं. विचारा! आपल्याला न आवडणारं उत्तर येईल अशी भीती असेल, तर सगळ्यांत आधी विचारा.