गोदाबाईचं पथ्य

त्या वर्षी अमरावतीच्या बाजारात कापसाला कधी नव्हे एवढा भाव आला आणि शेषरावांनी दुसरं लग्न केलं. पहिल्या बायकोनं, गोदाबाईनं ते सोसून घेतलं. पाच वर्षांची लेक जयवंता सतत तिच्या पदराला असायची, तेवढं तिला पुरत होतं.

दिवाळीच्या सुमारास गोदाबाईला कावीळ झाली. अकोल्याच्या वैद्यानं तेल, तूप, तिखट, सगळं बंद केलं. ताकभात आणि ज्वारीच्या लाह्या, बस.

तशात शेषराव कापूस विकून आले ते तुपातली जिलबी घेऊन. मायलेकी एका ताटात जेवायच्या, म्हणून जयवंता जिलबी घेऊन आधी आईकडे धावली.

"नको. मले चालत नाही," म्हणत गोदाबाईनं तोंड फिरवलं.

पोर हिरमुसली. बाहेर ओसरीवर धाकटी सवत जमुना तूर निवडत होती. तिनं जयवंताला मांडीवर घेतलं. आत पडल्या पडल्या गोदाबाईला सगळं ऐकू येत होतं.

"माय माह्यावर रागावली काय?"

"नाही बाई. तिचे डोये पाह्यले काय, कसे पिवळे झाले? तिले आता तूप पचत नाही. खाल्लं का बिमारी वाढते. बरी झाली का माय बी खाईन."

"मले काऊन चालते मंग?"

"तुये डोये पांढरे हायेत म्हणून."

जयवंता खुदकन हसली आणि तिनं जिलबीचा तुकडा जमुनाच्या तोंडात घातला.

गोदाबाईचा जीव जळला. नवरा वाटून घेतानाही इतका जळला नव्हता. लेकीला समजावणं तिचं काम होतं. या सवतीनं ते का करावं?

"जयवंता, आण ती जिलबी."

"पण लहानी माय म्हणते..."

"लहानी माय वैद्य हाये काय? आण."

लेकीच्या देखत तिनं दोन जिलब्या खाल्ल्या.

रात्रीपासून उलट्या सुरू झाल्या, मग ताप चढला. जमुनानंच घाण काढली, अंग पुसलं. तो हात गोदाबाईला नको व्हायचा, पण झिडकारायचीही ताकद नव्हती.

ताप उतरला तेव्हा जयवंता भिंतीशी बसली होती, जवळ येत नव्हती.

"माय, मी जिलबी देल्ली म्हणून तू बिमार झाली?"

"नाही वो. मीच मांगली होती." पुढचं बोलणं काढ्यापेक्षा कडू होतं. "जमुनानं तुले सांगतलं तेच खरं. मीच आयकलं नाही."

"काऊन नाही आयकलं?"

दारात जमुना ताकभात घेऊन उभी होती. तिनं ऐकलं असावं. ती वाटी ठेवून खाली बसली. जयवंता उठली आणि तिला टेकून बसली.

गोदाबाईला ते आजही बघवलं नाही. पण तिनं वाटी जवळ ओढली आणि मुकाट्यानं खाऊ लागली.